झुंडीचा हिशेब

‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळणाऱ्यांत टोकनच्या, म्हणजे पत्त्याऐवजी नुसत्या खुणेनं मांडलेल्या प्राण्यांच्या, डेकला फारसा मान नाही. एका पत्त्यातून दोन-तीन चिल्लर सैनिक काढायचे, टेबल भरायचं आणि तुटून पडायचं. ही तर नुसती खोगीरभरती, असं कुणीही ऐकवतं. मी बारावीला संख्याशास्त्र शिकवते आणि सुट्टीला पोरांबरोबर हा खेळ खेळते. माझं म्हणणं असं, की नवख्या खेळाडूला पहिला डेक हाच बांधून द्यावा.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा हा खेळ १९९३चा. डेक किमान ६० पत्त्यांचा, साधे लँड सोडले तर एक पत्ता जास्तीत जास्त चार वेळा, आणि समोरच्याचं आयुष्य २०. ‘रेज द अलार्म’ दोन माना (लँडमधून मिळणारी ऊर्जा) खर्चून १/१चे, म्हणजे एक हल्ल्याचे नि एक बचावाचे, दोन सैनिक देतो, आणि तो समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येतो. ‘इन्टॅन्जिबल व्हर्च्यू’ आपल्या प्रत्येक टोकनला +१/+१ बळ चढवतो. पोरांना बळाचे पत्ते ठासून भरायचा मोह होतो. पण पाच टोकन असतील तर एका व्हर्च्यूनं पाचाचा हल्ला दहाचा होतो. टोकनच नसेल तर चारही व्हर्च्यू मांडून हल्ला शून्य.

म्हणून माझी मांडणी ठरलेली: लँड २४, सैनिक देणारे २०, बळ देणारे ८, समोरच्याचे मोहरे काढणारे ८. बळाचे चारच ठेवले, तर पहिल्या सात पत्त्यांत एक तरी येण्याची शक्यता साधारण ४० टक्के; आठ ठेवले तर ६५. त्यापुढचा प्रत्येक पत्ता सैनिकाची जागा खातो.

खरी कसोटी हात आखडता घेण्यात आहे. ‘रॅथ ऑफ गॉड’ हा पत्ता चार माना खर्चून टेबलावरचे सगळे प्राणी साफ करतो. आमच्याकडे टोकन म्हणून चिंचोके चालतात. परवा एकानं पाच चिंचोके मांडले होते, तरी हातातला अलार्म टाकायला निघाला.

‘‘मॅडम, अजून दोन येतील ना!’’

‘‘अरे, आता त्याचा चौथा लँड पडेल. त्याचा टर्न संपता संपता टाक.’’

रॅथ आलाच. पाचही चिंचोके डब्यात गेले, आणि तो टर्न संपायच्या आत दोन नवे उभे राहिले. ‘लिंगरिंग सोल्स’ हा टोकन देणारा पत्ता तर एकदा वापरून झाल्यावरही ग्रेव्हयार्डातून, म्हणजे वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगातून, पुन्हा खेळता येतो. हा पत्ता आणि व्हर्च्यू, दोघांवर २०१२ मध्ये इनिस्ट्राड ब्लॉकच्या, म्हणजे त्या एका पत्तामालिकेपुरत्या, स्पर्धांत बंदी घालावी लागली होती. दोन्ही दुर्मीळ गटातले नव्हते, हे महागड्या पत्त्यांचा तोरा मिरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

महाग पत्ता पुष्कळदा एकटाच डाव ओढून नेतो; खेळणाऱ्याला काय कळलं, ते कळत नाही. टोकनच्या डेकमध्ये किती मांडायचं आणि किती राखायचं, हे दर टर्नला ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. पालकांनी पहिल्या डेकसाठी पैसे द्यायचेच असतील, तर ते यासाठी द्यावेत.