जोर मनगटात नसतो

आपल्याकडच्या मैदानांवर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला एकच आहे : "हात सोड, जोर लाव!" सोलापुरात त्याला शेवटी 'बे' लागतो, एवढाच फरक. सल्ला देणारा माणूस वाईट नसतो. त्याला समोर दिसतो तो हात, म्हणून तो हाताबद्दल बोलतो. हातातली वस्तू जोरात फिरताना दिसते, म्हणजे जोर हातातून येत असणार, असा त्याचा साधा हिशोब. हा हिशोब चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे सगळ्यात स्वच्छ कुठे दिसत असेल तर ते गोल्फमध्ये.

गोल्फच का? कारण तिथे सबबी संपतात. चेंडू जमिनीवर निवांत पडलेला असतो. बोलर नाही, स्विंग नाही, खेळपट्टीला दोष देता येत नाही. तुम्ही, काठी आणि चेंडू. तरीही नवशिक्याचा चेंडू सरळ जात नाही. पुण्यात कामाला लागल्यावर ऑफिसच्या लोकांबरोबर मी ड्रायव्हिंग रेंजवर जायला लागलो, तेव्हा जिममध्ये दंड कमावलेली माणसं चेंडू जेमतेम शंभर यार्ड ढकलताना दिसायची आणि शेजारी सडपातळ अंगाचा एखादा पोरगा त्याच्या दुप्पट लांब मारायचा. पोराच्या दंडात काही नव्हतं. त्याची सुरुवात बरोबर होती.

सुरुवात म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. क्लब मागे-वर जातो तो बॅकस्विंग, तिथून चेंडूकडे येतो तो डाउनस्विंग. चांगल्या खेळाडूचा डाउनस्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो. डोळ्यांना काही दिसून हाताला हुकूम पोहोचायलाच साधारण एक-पंचमांश सेकंद जातो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, आमच्या भाषेत याला लेटन्सी म्हणतात : क्लब खाली यायला लागल्यावर तुम्ही मनात जे काही म्हणाल, "कोपर आत", "जोर", "आता मार", ते पोहोचेपर्यंत चेंडू गेलेला असतो. त्यामुळे दुरुस्तीला जागा असते ती फक्त सुरुवातीला. आणि गंमत अशी, की ती सुरुवात आपल्याला वाटते तिथे नसतीच.

उजव्या हाताने खेळणाऱ्या चांगल्या खेळाडूचा व्हिडिओ स्लो मोशनमध्ये बघा. क्लब अजून मागेच जातोय, बॅकस्विंग पूर्ण झालेला नाही, आणि तेवढ्यात वजन डाव्या पायाकडे सरकायला लागलंय. मग कंबर लक्ष्याच्या दिशेने उघडायला लागते. खांदे तेव्हाही मागेच असतात. म्हणजे काही क्षण असे असतात, की शरीराचा खालचा भाग पुढे निघालाय आणि वरचा भाग मागे जातोय. त्या ओढाताणीत पोटाचे, पाठीचे, कुशीचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू जास्त जोरात आखडतो. आधी कंबर वेग घेते आणि मंदावते, तिचा वेग धडाकडे जातो. धड मंदावतं, वेग हातांकडे जातो. हात मंदावतात, वेग क्लबकडे जातो. आसूड असाच चालतो : मूठ थांबते तेव्हा टोक कडाडतं. या सगळ्या साखळीत हाताचा नंबर शेवटून दुसरा आहे. आणि आपण आरोळी ठोकतो ती त्याच्याच नावाने.

हे खोटं वाटत असेल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या खिशात पुरावा आहे. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम्सचं रेकॉर्डिंग होतं. म्हणजे पाव सेकंदाचे साठ तुकडे. साध्या ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत त्याच हालचालीचे सात-आठच तुकडे मिळतात, आणि सुरुवात नेमकी दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत हरवते. आपल्या आधीच्या पिढीच्या कोचला हे दिसत नव्हतं, हे मी समजू शकतो. आज ते न बघणं हा आळस आहे.

हाताने सुरुवात केली की काय होतं? वर पोहोचलेला क्लब खांद्यांसकट पुढे फेकला जातो, चेंडूवर बाहेरून आत कापत येतो, आणि चेंडू आधी डावीकडे निघून मग केळ्यासारखा उजवीकडे वळतो. याला स्लाइस म्हणतात. जगभरचे हौशी गोल्फर याच रोगाने पछाडलेले असतात. त्यावर त्यांचा उपाय काय? चेंडू उजवीकडे जातोय म्हणून अजून डावीकडे निशाणा, आणि अजून जोर. रोग वाढवणारं औषध.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळतो, कारण रील्सवर सध्या त्यांचंच राज्य आहे. "हिप्स! हिप्स! हिप्स!" कमरेला रबर बांधून गरगर फिरायचं, तीस सेकंदांत ड्राइव्ह पन्नास यार्डांनी लांब. हा जुनाच माल आहे. बेन होगन यांनी १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात डाउनस्विंगची सुरुवात कंबर वळवून होते असं लिहिलं, आणि तेव्हापासून लोक ते एक वाक्य उचलून जागच्या जागी कंबर फिरवत आलेत. वजन डाव्या पायावर गेलेलंच नसताना कंबर फिरवली, तर ती खांद्यांनाही ओढून नेते, क्लब परत बाहेरून येतो. नाहीतर कंबर वळण्याऐवजी चेंडूच्या दिशेने पुढे ढकलली जाते, माणूस उभा होतो आणि हातांना खाली यायला जागाच उरत नाही. वरून पाठीचा खालचा भाग पिळला जातो तो वेगळाच. गोल्फरांची सगळ्यात नेहमीची दुखणी तिथलीच असतात. क्रम असा आहे : आधी जमीन दाबायची, मग वळायचं. रीलमध्ये जमीन दाबणं दिसत नाही, वळणं दिसतं. जे दिसतं ते विकलं जातं.

इथे सोलापूरचा वाचक म्हणेल, भाऊ, हे सगळं खरं, पण हा पैसेवाल्यांचा खेळ, आमचा काय संबंध? गोल्फ कोणाच्या खिशाला परवडतो, हा प्रश्न रास्त आहे. पण ही हालचाल क्लबच्या सभासदांची मालमत्ता नाही. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे ती स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फर, आणि ते आधी कॅडी होते, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारे. त्याहून सोपा दाखला तुमच्याकडेच आहे. लहानपणी चिंचेवर दगड मारला असेल ना? आठवा. डावा पाय पुढे पडतो तेव्हा दगडाचा हात कुठे असतो? मागे. माणूस पुढे निघतो, हात मागेच राहतो, आणि मग तो ओढल्यासारखा येतो. बॅकस्विंग संपायच्या आत डाउनस्विंग सुरू करणं म्हणजे हेच. हातमागावर बसणाऱ्याला तर वेगळं सांगायलाच नको : पायाखालची पावडी दाबली की ताणा उघडतो, मगच धोटा धावतो. हाताने घाई केली तर सूत तुटतं. ज्या शहराची चादर पायांनी सुरू होते, त्या शहराने "हात सोड" म्हणत पोरं घडवावीत, हे मला जरा चमत्कारिक वाटतं.

आणि उदाहरणासाठी लांब कुठे जायला नको. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. क्रिकेटच्या आधी ती ॲथलीट होती : भालाफेक, गोळाफेक, रिले. लेदर बॉलचं क्रिकेट तिच्याकडे उशिरा आलं. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ केल्या. टी-२० मध्ये दीडशे ओलांडणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी पुण्यात विमेन्स टी-२० चॅलेंजमध्ये ३४ चेंडूंत ६९. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक, महिलांच्या टी-२० मधलं सर्वांत जलद.

तिच्या बातम्यांत 'ताकद' हा शब्द हमखास येतो, 'भाला' हा शब्द एखाद्या रंजक माहितीसारखा शेवटी येतो. माझं म्हणणं उलटं आहे. भाला हीच खरी बातमी आहे. भाला हाताने फेकलाच जात नाही. धावत यायचं, पुढचा पाय खांबासारखा रोवायचा, कंबर त्या पायावर आदळून पुढे उघडते आणि भाल्याचा हात सगळ्यात शेवटी येतो. नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटर फेकला तेव्हाचा त्याचा डावा पाय बघा, हात नंतर बघा. अशी वर्षं ज्या शरीराने घालवली, त्याच्या हातात बॅट दिली की त्याला सुरुवात कुठून करायची हे शिकवावं लागत नाही. बॅट मागे, पाय पुढे, मग बाकी सगळं.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसलो ती. माझ्या मामेबहिणीला एका उन्हाळी शिबिरात तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं, "तुझ्या हातात जोर नाही, तू फिल्डिंग कर." ती बारा वर्षांची होती. शिबिराचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असं शिबिर तुमच्याही गावात आहे. "पोरीसारखं काय फेकतोस" हे वाक्य मुलांना हिणवायला वापरतात, आणि मुलींना तर ते निकालपत्र म्हणूनच मिळतं. एक प्रयोग करा. उजव्या हाताच्या कोणत्याही तगड्या पोराला डाव्या हाताने चेंडू फेकायला सांगा. खांदा आणि पाय एकाच बाजूचे पुढे जातील, कंबर मख्ख उभी राहील, कोपर कानाजवळून ढकलल्यासारखा येईल. हुबेहूब 'पोरीसारखं'. त्याच्या डाव्या दंडात स्नायू नाहीत असं नाही. डाव्या हाताने त्याने चिंचा पाडलेल्या नाहीत, एवढंच. मुलींच्या उजव्या हाताने पाडल्या नाहीत, कारण दगड उचलला की कोणीतरी ओरडायचं. सराव कुणाला करू दिला हा प्रश्न आहे, आणि आपण तो ताकदीचा प्रश्न म्हणून बंद करून टाकतो.

कोच मंडळींचा यावर ठरलेला आक्षेप असतो : हे सगळं तंत्र ठीक, पण आधी शरीर कमवावं लागतं. लागतंच. मी व्यायामाच्या विरोधात नाही, आणि लांब मारणं म्हणजेच खेळ असंही मानत नाही. अदिती अशोक लांब मारणाऱ्यांत मोडत नाही, तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदकाला एका फटक्याने मुकली. पण कमावलेली ताकद चुकीच्या क्रमाने वापरली तर चुकीचाच फटका जास्त जोरात बसतो. आणि बारा वर्षांच्या पोरीला तिसऱ्या दिवशी शरीर कमवायला वेळच कुठे दिलेला असतो?

शिकवायचंच असेल तर बोलण्यापेक्षा करायला द्या. एक सराव गोल्फवाले करतात, तो गच्चीवरही होतो, क्लब नसला तर लांब काठी चालते. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं. काठी मागे न्यायची, आणि ती मागे जात असतानाच डावा पाय लक्ष्याच्या दिशेने टाकायचा. मग फिरवायचं. पाय पडायच्या आत काठी खाली येऊ लागली तर लगेच कळतं, तोल जातो. दुसरा सराव कानाचा. वेताची काठी किंवा उलटा धरलेला क्लब हवेत फिरवायचा आणि 'सूंsss' असा आवाज कुठे होतो ते ऐकायचं. हाताने सुरुवात केलेल्याचा आवाज उजव्या खांद्याजवळच संपतो. पायाने सुरुवात केलेल्याचा आवाज चेंडू जिथे असायला हवा तिथे आणि त्याच्या पुढे होतो. कोणी समजावून सांगावं लागत नाही, कान स्वतःच सांगतो.

पुढच्या उन्हाळ्यात शिबिर भरवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. पहिले पंधरा दिवस बॅट नको, क्लब नको, रॅकेट नको. फेकायला द्या. टेनिस बॉल, दगड, जुन्या चादरीच्या तुकड्यात वाळू भरून केलेली पुरचुंडी, काहीही. भिंतीवर खडूने गोल काढा. मुलींना रांगेत शेवटी उभं करू नका, आणि कुणाच्या हातात किती जोर आहे ते सोळाव्या दिवसापर्यंत कुणालाही सांगू नका. माझी मामेबहीण आता चौदाची आहे. तिच्या गच्चीच्या भिंतीवरचा गोल मी सुट्टीत काढून आलोय.