स्वाध्यायाला कोणता ग्रंथ घ्यावा?

ग्रंथालयातील सर्वांत अवघड ग्रंथ तोच सर्वांत चांगला, असा समज विद्यार्थ्यांत रूढ आहे. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिक्षकावाचून शिकू पाहणाऱ्याला तो महागात पडतो. लांडाउ-लिफ्शिट्झ यांचा ग्रंथ थोर खराच. पण तो यामिकी व क्वांटम सिद्धांत पचविलेल्यांसाठी आहे. पाथ्रियांचा १९७२ चा ग्रंथ आपल्या विद्यापीठांत मानाचा. तोही दुसऱ्याच प्रकरणात एन्सेंबलच्या उपपत्तीला हात घालतो. एकट्या वाचकाने आरंभ राइफच्या १९६५ च्या पुस्तकापासून करावा, असे आमचे मत आहे. तेथे प्रथम झोकांड्या खाणाऱ्या दारुड्याच्या पावलांचे गणित येते. म्हणजे संभाव्यता आधी, एंट्रॉपी मागाहून.

निवडीची कसोटी मात्र ज्याची त्यानेच लावावी. दोनच ऊर्जापातळ्या असलेल्या कणांची विशिष्ट उष्णता पुस्तक मिटून काढावी. तापमान शून्याकडे गेले काय नि अतोनात वाढले काय, ती शून्याकडेच का झुकते, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर तो ग्रंथ आपला. न आले, तर त्याचे नाव कितीही मोठे असो, आपल्यापुरती ती कपाटाची शोभा. गाइड वाचून पदवी मिळेल. एंट्रॉपी कळायला पेन्सिलच झिजवावी लागते.