चाळिशीचा विद्यार्थी

आमच्या गिरगांवच्या चाळींत गेल्या महिन्यांत शेजारच्या वहिनींनीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, गाणें शिकण्याचें मनावर घेतलें. घरांत पेटी आली आणि पाठोपाठ चेष्टाही आली. "या वयांत सारेगम!" म्हणून हसणाऱ्यांत मीही होतों, हें कबूल केलेलें बरें. चार दिवसांत पेटी मिटली.

त्याच सुमारास फ्रेंच संगीतकार एरिक साती यांच्याविषयीं वाचण्याचा योग आला. हे गृहस्थ मोठे विक्षिप्त. सात तुकड्यांच्या रचनेला 'नासपतीच्या आकाराचे तीन तुकडे' असें नांव द्यावें, 'स्मृति गेलेल्याच्या आठवणी' लिहाव्या आणि आपण केवळ पांढरेच पदार्थ खातों असें त्यांत गंभीरपणें सांगावें, असा त्यांचा खाक्या. परंतु हेच साती, नांवावर प्रसिद्ध रचना असतांनाही, १९०५ सालीं वयाच्या ३९ व्या वर्षीं पॅरिसच्या 'स्कोला कांतोरुम' या संगीतशाळेंत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. अनेक स्वतंत्र चाली एकाच वेळीं जुळवून चालविण्याची विद्या त्यांस शिकावयाची होती. शिक्षक आल्बेर रुसेल त्यांच्याहून तीन वर्षांनीं लहान! तरीही साती नेटानें शिकले आणि १९०८ सालीं त्यांनीं प्रशस्तिपत्र मिळविलें.

या शिक्षकाची गोष्टही तशीच. रुसेल मूळचे आरमारी अधिकारी. संगीतासाठीं त्यांनीं १८९४ सालीं ती नोकरी सोडली. १९०९ सालीं ते सपत्नीक हिंदुस्थानांत आले, मुंबई पाहून वेरूळला गेले. १९१२ सालीं पॅरिसमध्यें वाजविल्या गेलेल्या त्यांच्या वाद्यवृंदरचनेचा पहिला भाग त्याच लेण्यांतील देवांवर आहे. चितोडच्या पद्मिनीवरील त्यांचें संगीतनाट्य १९२३ सालीं तेथें रंगभूमीवर आलें.

वेरूळच्या अंधारांतून परदेशी माणूस कांहींतरी शिकून जात होता, त्याच सुमारास वाळकेश्वरांत जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे काय करीत होते? वकिली बाजूला सारून ते गांवोगांवच्या गवयांकडे जिज्ञासु म्हणून जात होते. १९१० सालीं, वयाच्या पन्नाशींत, त्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग मराठींत प्रसिद्ध झाला; आणि तोही गुरुशिष्यांच्या संवादरूपानें! शिष्याची भूमिका त्यांना कधींच कमीपणाची वाटली नसावी.

हें वाचून मीं वहिनींच्या दाराशीं गेलों आणि म्हणालों, "वहिनी, हसलों ती चूक झाली. पेटी काढा." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लहानपणीं वडील नको म्हणाले, पुढें संसार आला. आतां तरी कोणी नको म्हणूं नये, एवढेंच वाटत होतें."

संध्याकाळीं पुन्हां भूप ऐकूं आला. गांधार अजून डळमळतो, पण या वेळीं चाळींत कोणी हसलें नाहीं. वाचकहो, आपल्या घरीं अशी एखादी पेटी मिटून पडली असेल, तर ती कोणाच्या हसण्यानें मिटली याची एकवार चौकशी करा.