तटबंदीआडची मोटार

चिनी विजेच्या मोटारींनीं पाश्चात्य कारखानदारांची झोप उडविली, या वार्तेनें आमच्या सुशिक्षित मंडळींत मोठें समाधान पसरलेलें दिसतें. गोऱ्यांची खोड मोडली म्हणून कांहीं संतुष्ट. आपल्या सरकारनें चिन्यांना वेशीबाहेर रोखलें म्हणून उरलेले निर्धास्त. पहिलें समाधान पोरकट आहे, तें सोडून देऊं. दुसऱ्याविषयीं मात्र स्पष्ट बोलणें आम्हांस अवश्य वाटतें.

अमेरिकेनें २०२४ सालीं या मोटारींवर शेंकडा १०० जकात बसविली. युरोपनेंही त्याच वर्षीं मूळच्या शेंकडा १० वर, कंपनी पाहून, शेंकडा ३५.३ पर्यंत जादा जकात लादली. आणि ज्या फोक्सवॅगननें १९८४ च्या करारानें शांघायवाल्यांस मोटार बांधावयास शिकविलें, तिनेंच २०२३ त एक्सपेंग या चिनी कंपनीचे भाग घेऊन तिची शिकवणी धरली! जकातीनें गिऱ्हाईक अडतें, विद्या येत नाहीं. बीवायडी ही १९९५ सालची, मूळची बॅटऱ्या करणारी. मोटारींत ती २००३ त शिरली. विजेच्या मोटारींत सर्वांत महाग वस्तु बॅटरीच, हें तिनें आधीं ओळखलें.

ठाणें-मुंबईकरांस तरी हें नव्यानें सांगावें लागूं नये. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट १९६४ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ त्याच सांगाड्यावर निघत राहिली. परदेशी गाडीला दार बंद, गिऱ्हाईक वर्षानुवर्षें नंबर लावून उभें. मग सुधारणा करावी कोणीं आणि कां? स्पर्धा येतांच तिची रया गेली. त्याच कंपनीनें डोंबिवलीस प्यूजो या फ्रेंच कंपनीशीं मांडलेला घरोबाही त्याच दशकांत मोडला.

कोणी म्हणतील, गलवानला आमचे वीस जवान पडले, त्या चिन्यांशीं व्यवहार कसला? हा आक्षेप हलका नाहीं, आणि तो घेणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु तळेगांवचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा ग्रेट वॉल कंपनीचा बेत २०२२ त परवानगीअभावीं फिसकटला, तेवढ्यानें चीनचें परावलंबन सुटलें काय? एप्रिल २०२५ त चीननें दुर्मिळ धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली, आणि पुण्याच्या बजाजला चेतकचें उत्पादन कमी करावें लागलें. वेशीला कुलूप आपलें, किल्ली त्याच्या कमरेला!

आमच्या कळव्यास जर्मन सीमेन्सचे कारखाने उभे राहिले; तेथें रोहित्रें घडतात तीं इथल्याच हातांनीं. परक्यास घरांत घ्यावयाचें तें असें. चीननें तर परकी मोटारवाल्यास देशी भागीदार घेतल्यावांचून कारखाना घालूं दिला नाहीं. विजेच्या मोटारींपुरती ही अट २०१८ त काढली, शिकून झाल्यावर. तीच अट आज चिन्याला घालावी. एमजी मोटारींत जिंदालांच्या जेएसडब्ल्यूची आणि चिनी मालकाची भागीदारी झालीच आहे. पण नुसत्या भागीदारीवर भागूं नये. बॅटरीचे घट इथें किती वर्षांत बनणार, आणि आमच्या अभियंत्यांस तें काम कोण शिकविणार, हें परवान्यांतच लिहून घ्यावें. लिहून देत नसेल तर त्यानें खुशाल परत जावें.