गाडीचीही पत्रिका जुळवा

मुलीचं लग्न ठरवताना आपण किती चौकश्या करतो! घर, नोकरी, स्वभाव, नातेवाईक, आणि वर पत्रिका. पण एका गाडीला दुसरी गाडी जोडायची वेळ आली, की सगळी चर्चा रंग आणि हप्ता इथंच संपते.

हे आठवायचं कारण म्हणजे कॅराव्हॅन. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि चाकांवरच्या घराचं स्वप्न मध्यमवर्गीय घरांतही डोकावू लागलं. आमचं पनवेल तर प्रवासाचं नाकंच. घाटावर जायला एक्स्प्रेस वे, कोकणात जायला महामार्ग ६६. आमच्या सोसायटीतल्या एका घरात बेत शिजतोय, की घरच्या गाडीमागे जोडायची छोटी कॅराव्हॅन घ्यायची आणि गणपतीला गावी जायचं. वहिनींनी विचारलं, "आपली गाडी ओढेल ना हो?" उत्तर आलं, "इंजिन दमदार आहे. तू डबे काय न्यायचे ते बघ."

माझं म्हणणं असं, की डबे भरणाऱ्या बाईनंच हा प्रश्न लावून धरावा. कारण प्रश्न इंजिनापेक्षा वजनाचा आहे आणि वजन आपल्याला कळतं. गॅसच्या सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. आत गॅस १४.२ किलो, पण उचलताना भरतं जवळपास ३० किलो. कॅराव्हॅनचंही तसंच. विक्रेता सांगतो ते बहुधा रिकामं वजन. त्यात १०० लिटर पाणी भरलं की १०० किलो वाढले. अंथरुणं, भांडी, शिधा, परतताना नारळ आणि तांदूळ, हे सगळं वेगळंच.

ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढणं रुळलेलं आहे. तिथं नवशिक्याला सांगतात, की भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन पुढच्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे गाडी १४०० किलोची असेल, तर मागचं ओझं ११९० किलोच्या आत. अर्थात गाडीच्या कंपनीनं याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच खरी. शिवाय गाडीत बसलेली माणसं आणि डिकीतलं सामान यांचा भारही गाडीलाच पेलायचा असतो.

ओझं किती, याइतकंच ते ठेवलंय कुठं, हेही महत्त्वाचं. बैलगाडीतून जत्रेला जाणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढं फार झाला की धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. जाणता गाडीवान पोती सरकवून ते जुळवायचा. कॅराव्हॅनलाही हाच नियम. जड सामान खाली, चाकांच्या आसपास, आणि हुकवर थोडासा भार. उलाळ कॅराव्हॅन वेगात शेपटासारखी हलू लागते आणि पुढच्या गाडीलाही खेचते. फार धुरजड झाली तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही.

आणि आपल्याला तर घाट! बोरघाट चढताना इंजिनाची परीक्षा, पण उतरताना ब्रेकची. मागून हजार किलो ढकलत असताना नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणून खालचा गिअर हवा, वेग कमी हवा आणि जड कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक हवेत. चालत्या कॅराव्हॅनमध्ये मुलांना "झोपा रे आत" म्हणून पाठवायचं तर मुळीच नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी चार गोष्टी मागून घ्या. गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायची परवानगी आहे का, आणि किती किलोपर्यंत? काही गाड्यांच्या पुस्तिकेत सरळ "ओढू नका" असंच छापलेलं असतं. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून हुक बसवून घेणं म्हणजे जीवाशी खेळ. दुसरं, कॅराव्हॅनचं भरलेलं वजन किती? तिसरं, तिला स्वतःचे ब्रेक आहेत का? चौथं, तिची नोंदणी आणि विमा यांचं काय? हे आरटीओत आणि विमा कंपनीत आधीच विचारावं.

गाडी कमी पडत असेल, तर हौस मारायची गरज नाही. लहान कॅराव्हॅन बघा, नाहीतर इंजिनासकट येणारी भाड्यानं घ्या. पण आधी ओझं मोजा, मग जोडी जमवा. "तुला गाडीतलं काय कळतं?" असं कुणी म्हणालंच, तर सांगा, "गाडीतलं नसेल कळत, पण गाडीत भरायचं सगळं मीच भरते. त्याचं वजन माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"