उसाच्या फडात बाळंतपणाची रजा नाही

दसरा उलटला की बीड, जालना, परभणी या भागांतील वस्त्या ओस पडावयास लागतात. ज्या दिवशी आपण धम्मचक्र प्रवर्तनाचे वंदन करतो, त्याच्या मागोमाग आपलीच कितीतरी कुटुंबे भांडीकुंडी आणि लेकरे गाडीत घालून कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा पलीकडे कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडल्यावाचून गत्यंतर नसते. या गाड्यांतून पोटुशी बायकाही जातात. त्यांच्याविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

१९२८ च्या जुलै महिन्यात मुंबई कायदेमंडळात गिरणी व कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचे बिल चर्चेस आले. पूज्य बाबासाहेबांनी त्यास पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी व नंतर आईस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, हे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत मांडले. सरकारनेही या खर्चाचा भार उचलावयास हवा, असे त्यांचे मत होते, आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाची जबाबदारीही त्यांनी सोडून दिली नाही. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १९२६ साली, त्यांचा राजरत्न गेला होता. माता रमाईंच्या पाच लेकरांपैकी चार अशी लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव तेवढे राहिले. सभागृहात त्यांनी घरचे दुःख सांगितले नाही. परंतु बालमृत्यू म्हणजे काय, हे त्यांना अहवालात वाचून कळावयाचे नव्हते.

ते बिल १९२९ साली कायदा झाले. पुढे १९४१ साली खाणकामगार स्त्रियांसाठी आणि १९६१ साली सबंध देशासाठी प्रसूतिलाभाचे कायदे झाले. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेण्यात आल्या आहेत. ही प्रगती लहान नव्हे. पण ती कोणाच्या दारापर्यंत पोहोचली? कारखाना, खाण, मळा, आणि दहा वा अधिक नोकर असलेले दुकान येथवर. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हिशेब कोयत्याचा असतो, बाईचे स्वतंत्र नाव बहुधा कोठेच नसते. जिचे नाव हजेरीपटावर नाही तिला रजा कोण देणार? उलट एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. आठव्या महिन्यात मोळी उचलावयाची, आणि बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उतरावयाचे, हा तेथला रिवाज आहे.

या रिवाजाचे टोक २०१९ साली सर्वांसमोर आले. शासनाने नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये एवढ्यासाठी देहाचा अवयव काढून टाकण्याची पाळी ज्या समाजातील बायकांवर येते, त्या समाजाने नुसते हळहळून कसे चालेल?

महाराष्ट्राचे सरासरी आकडे पुष्कळ चांगले आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. २०१८-२० च्या नोंदींप्रमाणे दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. परंतु सरासरीच्या पांघरुणाखाली पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात. याच महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. याच पाहणीत देशात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू सुमारे ३५ होते, अनुसूचित जातींत सुमारे ४१. हा फरक रक्ताचा नाही, तो अन्नाचा, श्रमाचा आणि दवाखान्याच्या अंतराचा आहे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीत नसलेल्या गरोदर मातेस किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात आलेली मातृवंदना योजना मात्र पहिल्या अपत्यास ५,००० रुपये देते, आणि दुसऱ्यास ६,०००, तेही मुलगी झाली तरच. दुसरा मुलगा झाला तर आईला बाळंतपणाचा त्रास झालाच नाही, असे समजावयाचे काय? कायद्याने दिलेले योजनेने काढून घ्यावे, ही रीत आम्हांस मान्य नाही.

तरीपण जे मिळते तेही आपण पदरात पाडून घेत नाही, हेही सांगितले पाहिजे. जननी सुरक्षा योजनेचे पैसे आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील व अनुसूचित जाती-जमातींच्या मातांस आहेत. बौद्ध झालो म्हणून सवलत गेली, असे कोणी कारकून सांगेल तर ऐकून परत येऊ नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातीचा हक्क कायम झालेला आहे, दाखला तेवढा काढून ठेवा. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी विनामूल्य आहे. तेथे कोणी पैसे मागितले तर पावती मागा. आणि वस्तीत अंगणवाडी नसेल, ती गावठाणात असेल व आपल्या मुलांना दाराबाहेर बसविले जात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश ध्यानात ठेवावा. सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी, आणि दलित-आदिवासी वस्त्यांना अग्रक्रम असावा, असे त्यात आहे. हा अर्ज लिहावयास वकील लागत नाही.

आमची सूचना फार मोठी नाही. यंदा गाड्या निघण्यापूर्वी विहारात सभा भरेल, तेव्हा स्त्रियांनीच वस्तीतील गरोदर भगिनींची यादी करावी. प्रत्येकीची नोंदणी आशाताईंकडून झाली आहे की नाही ते पाहावे, दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रात होणाऱ्या तपासणीस तिला नेऊन आणावे, आणि माता-बाल कार्ड व लोहाच्या गोळ्या तिच्याबरोबर द्याव्यात, म्हणजे परजिल्ह्यातील दवाखान्यात तिला नव्याने आपली कहाणी सांगावी लागणार नाही. ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांना यंदा घरीच ठेवता येईल काय, आणि त्यांच्या वाटच्या उचलीचे काय करावयाचे, याचा विचार पुरुषांनी त्याच सभेत बसून करावा.