शेजारघरचें अध्यात्म

अध्यात्म हा शब्द उच्चारतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें मठ, मंदिर किंवा एखादा जाडजूड ग्रंथ उभा राहतो. तें आपल्याच भिंतीपलीकडे राहत असेल, ही कल्पनाहि कोणास शिवत नाहीं. मला मात्र त्याचा पहिला पाठ शेजारच्या एका माळकरी आजीपासून मिळाला. आणि तिला स्वतःचें नांवहि लिहितां येत नव्हतें.

घरची आजी शिकविते त्यांत मायेचा वांटा मोठा, म्हणून आपण तें लाडानें ऐकतों व विसरतों. शेजारणीचें आपणांस कांहींच देणें नसतें. आपण नुसतें तिचें वागणें पाहतों, आणि पाहिलेलें टिकतें. ह्यासाठीं शेजारचीं वृद्ध माणसें हीं मुलांचे अधिक प्रभावी शिक्षक होत, असें माझें मत आहे.

गांवांत पिठाची गिरणी असतांहि ही आजी थोडें दळण जात्यावरच दळी. घाईनें अधिक वैरण घातली कीं पीठ न पडतां भरड पडते. देवाच्या नांवाचेंहि तसेंच, असें ती म्हणे. थोडें घ्यावें, पण पुरतें दळावें. शाळेच्या प्रार्थनेंत ओठ धांवत असतात आणि मन केव्हांच क्रीडांगणावर पोहोंचलेलें असतें, तेव्हां ती भरड मला आठवते.

पुढें तिचा कर्ता मुलगा वारला. दिवस झाल्यावर ती पुन्हां जात्याशीं बसली. ज्या ओवींत ती त्याचें नांव गुंफीत असे तीच ओवी तिनें म्हटली. नांव गाळलें नाहीं. गळा दाटला, जातें थांबलें, पुन्हां फिरूं लागलें. देवाला तिनें दोष दिला नाहीं, आणि आपणांस दुःख नाहीं असें सोंगहि केलें नाहीं. श्रद्धा म्हणजे काय, हें मला त्यापूर्वीं व त्यानंतर कोणीं इतकें स्पष्ट दाखविलें नाहीं.

कांहीं सुशिक्षित पालक म्हणतील कीं, अशा म्हाताऱ्यांच्या संगतीनें मुलांत सोंवळेंओंवळें आणि भोळ्या समजुती शिरतील. भीति खोटी नाहीं. आमच्या आजीच्या घरींहि कोणास ओटीपर्यंत व कोणास अंगणापर्यंतच प्रवेश, हें होतेंच, आणि तें वाईटच होतें. परंतु त्यासाठीं सारेंच टाकावें काय? साने गुरुजींनीं अशाच निरक्षर स्त्रियांच्या ओव्या आदरानें गोळा करून ‘स्त्री-जीवन’ ह्या ग्रंथांत दिल्या. आणि त्याच गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत, पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें. त्या भक्तीचा आदर आणि त्या भेदाचा विरोध एकाच अंतःकरणांत नांदूं शकतात.

जातें परत आणा असें माझें म्हणणें नाहीं. त्याचे कष्ट गेले हें स्त्रियांचें भाग्यच. पण जात्याबरोबर त्यावरचें शहाणपणहि नाहींसें होत आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ ह्यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवीं हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून तेवढ्या तरी राहिल्या. आपल्या आळींतील आजीकडे मात्र कोणी परगांवचें येणार नाहीं. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक वही घेऊन तिच्या ओट्यावर जा. आणि पालकांनीं त्या दिवशींची शिकवणी खुशाल बुडूं द्यावी.